परड्याच्या कोपऱ्यापर्यंत

दया गेल्याचा फोन आला तेव्हा मी कबनूरला एका प्लॉटच्या मोजणीवर होतो. फितीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं प्लॉटच्या मालकाच्या हातात, आणि खिशात मोबाईल वाजत होता. शालनवहिनींचा नंबर बघून मला वाटलं दयाच बोलत असणार, कारण त्याच्या मोबाईलमधला बॅलन्स कायम संपलेला असायचा आणि तो बायकोच्या फोनवरून बोलायचा. पण वहिनीच होत्या. "भावजी, हे गेले ओ..." एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस काय बोलतो याला काही अर्थ नसतो. मी फितीवरचा आकडा वाचला, कागदावर लिहिला, फीत गुंडाळली आणि मालकाला सांगितलं, राहिलेलं उद्या करू. तो आकडा चुकीचा निघाला. पुढच्या आठवड्यात जाऊन मला ती बाजू पुन्हा मोजावी लागली. मोजणी खात्यातल्या माझ्या नोकरीत असं आधी कधी झालं नव्हतं.

दया आणि मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका गल्लीत वाढलो, एका वर्गात शिकलो. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले. आईनं, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, म्हशी पाळून त्याला वाढवलं. मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो. दयानं बारावीनंतर एका फोटो स्टुडिओत उमेदवारी केली आणि नव्वदीच्या सुरुवातीला व्हिडिओ कॅमेरा घेतला. खांद्यावर ठेवायचा, आत आख्खी कॅसेट मावणारा तो जड कॅमेरा गल्लीतल्या सगळ्यांनी एकदा तरी उचलून बघितला होता. त्या काळात लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरीचं तोंड गुलाबाच्या फुलात आणि नवरदेवाचं कलशात दिसलं नाही तर लोकांना पैसे वाया गेल्यासारखं वाटायचं. दया ते करून द्यायचा, पण त्याचं मन त्यात नव्हतं. मला म्हणायचा, "बापू, गुलाब पडद्यावर चिकटवल्यागत दिसतोय बघ. नवरी हलली तरी गुलाब हाय तिथंच. खरा वाटत न्हाय."

दोन हजार साल उलटून गेल्यावर एकदा तो कामासाठी मुंबईला गेला आणि तिथं कुणाच्या तरी स्टुडिओत त्यानं एक शॉट तयार होताना बघितला. खोलीत एक नट चालतोय, कॅमेरा त्याच्याबरोबर चालतोय, आणि खिडकीबाहेर जे शहर दिसतंय ते खिडकीबाहेर नव्हतंच, नंतर बसवलेलं होतं. कॅमेरा सरकला की ते शहरही जेवढं सरकायला हवं तेवढंच सरकत होतं. परत आला तो थेट माझ्या घरी. अंगावरचे कपडे प्रवासातलेच. चहा पुढं ठेवला तो तसाच गार झाला. म्हणाला, "तू मोजणीवाला हाईस. मला एक सांग, नुसत्या चित्रावरनं कॅमेरा कुठं हुता ते कळतं का रं?"

मी म्हटलं, कळायला पाहिजे. आम्हीही शेतात तेच करतो. ओळखीच्या तीन खुणा बघायच्या, त्यांच्यातले कोन धरायचे आणि आपण स्वतः कुठे उभे आहोत ते नकाशावर काढायचं. त्याला मुंबईत मिळालेलं सॉफ्टवेअर हेच काम सेकंदाला पंचवीस वेळा करत होतं, प्रत्येक चित्रासाठी एकदा. चित्रातले बारीक बारीक ठिपके धरायचे, पुढच्या चित्रात ते कुठे गेले ते बघायचं, आणि त्यावरून कॅमेरा हवेत कसकसा फिरला त्याची वाट काढायची. एकदा ती वाट सापडली की कॉम्प्युटरमधल्या खोट्या कॅमेऱ्याला त्याच वाटेनं चालवता येतं, आणि मग आपण मागाहून ठेवलेली वस्तू चित्रात घट्ट बसते. याला ट्रॅकिंग म्हणतात. सगळी माहिती इंग्रजीत होती. दर रविवारी जेवणं झाली की मी डिक्शनरी घेऊन त्याच्या माडीवरच्या खोलीत जायचो. मी वाचून सांगायचो आणि तो करून बघायचा.

सुरुवातीला काही म्हणता काही जमत नव्हतं. लग्नं शूट करणाऱ्या माणसाचा अंगठा झूमच्या बटणावरून उठत नाही. सवयीनं दया प्रत्येक शॉटमध्ये थोडं तरी झूम करायचा, आणि झूम केलं की भिंग बदलल्यासारखं होऊन सगळं गणित बिघडायचं. शेवटी त्यानं झूमच्या बटणावर चिकटपट्टी लावली. नंतर लग्नात ती काढायची विसरला आणि अक्षता पडतानाचा नवरीचा क्लोजअप राहून गेला. दुसरी अडचण भिंतीची. खोलीला नुकताच डिस्टेंपर दिलेला. गुळगुळीत पिस्ता रंगाची भिंत, तिच्यावर धरायला एक डाग नाही. दयानं शालनवहिनींकडे टिकल्यांचं पाकीट मागितलं. वहिनी म्हणाल्या, "एवढी वर्सं झाली लग्नाला, कवा टिकली आणली न्हाय. आता भिंतीला पायजे व्हय?" पण पाकीट दिलं.

टिकल्या मी लावल्या. काम नीट करायची मला सवय. ओळंबा धरला, फीत लावली आणि सगळ्या भिंतीवर फूट-फूट अंतरानं, ओळीत, एकाच आकाराच्या लाल टिकल्या चिकटवल्या. लांबून बघितलं तर छापील कागदासारखी भिंत दिसत होती. दयानं शॉट घेतला, कॉम्प्युटरवर चढवला, आणि सॉफ्टवेअरनं काढलेल्या वाटेनं आमचा कॅमेरा छत फोडून वर गेला. पुन्हा केलं, तर जमिनीत गेला. बराच वेळ कारण कळेना. मग दया खुर्चीतच हसायला लागला. "तू भिंतीचा गट नकाशा केलाईस मर्दा. सगळ्या सारख्या. एक टिकली सोडून त्ये बिचारं दुसरीवर जाऊन बसतंय, आणि त्याला वाटतंय मी हितंच हाय." वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी माझ्या टिकल्या एकेक करून उपटल्या. "आरशाला लावतो तशा लावू?" म्हणाल्या आणि मनाला येईल तशा, कुठे दोन जवळ, कुठे एक खाली, एखादी मोठी, एखादी चंद्रकोर, अशा लावून मोकळ्या झाल्या. त्या भिंतीवर पहिल्या झटक्यात जमलं.

त्या दिवशी दयानं कॉम्प्युटरमध्ये केलेला एक तांब्या शॉटमधल्या जमिनीवर ठेवला. कॅमेरा हातात धरून घेतलेला, हलता शॉट, तरी तांब्या जागचा हलला नाही. आक्का चहा घेऊन वर आल्या, पडद्याकडे बघितलं, मग खाली जमिनीकडे बघितलं. "तितं तांब्या कुणी ठेवला रं? पाय लागंल की कुणाचा." दया आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. त्याच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता तो मी नंतर फार वेळा बघितला नाही. त्यानं तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी नसलेलं बी ठेवता येतंय?"

"येतंय."

"मग माझं म्हायेर ठेव की."

आक्कांचं माहेर धरणात गेलं, तेव्हा दया रांगत होता. डोंगराच्या कुशीतलं लहान गाव. माणसं उठवून तीन-चार ठिकाणच्या वसाहतींत वसवली. गाव उठायच्या आधी कुणीतरी शहरातून एक फोटोवाला आणला होता आणि त्यानं ज्याची इच्छा त्याच्या घरासमोर त्या घरची माणसं उभी करून एकेक फोटो काढला. तो एक फोटो आक्कांकडे होता. काळा-पांढरा, तळहातापेक्षा थोडा मोठा. कौलारू घर, पुढं अंगण, आक्कांचे आईवडील, भाऊ, भावजय, आणि कडेला पदर खोचून उभी असलेली तरुण आक्का, कडेवर दया. घराची समोरची बाजू आणि उजवीकडच्या भिंतीचा एक पट्टा, एवढंच त्यात दिसतं.

असा एकच फोटो असेल तर त्याच्यात कॅमेरा फिरवायची एक पद्धत आहे. घराच्या आकाराचे ठोकळे कॉम्प्युटरमध्ये उभे करायचे, भिंतीला एक, छपराला दोन उतरते, आणि जिथे उभं राहून फोटो काढला त्याच जागेवरून तो फोटो त्या ठोकळ्यांवर टाकायचा. सिनेमाच्या थिएटरात पडद्यावर चित्र पडतं, तसं. मग ठोकळे घरासारखे दिसतात आणि त्यांच्याजवळ चालत जाता येतं. पण त्यासाठी घराची मापं हवीत आणि फोटोवाला नक्की कुठे उभा होता ते हवं. एका वर्षी वळीव पडलाच नाही आणि मे महिन्यात धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं आटलं, तेव्हा आम्ही दोघं दयाच्या स्कूटरवर तिकडे गेलो. आक्कांना चला म्हटलं होतं. म्हणाल्या, "मी न्हाय येत. पाण्यानं खाऊन टाकलेलं काय बघायचं?"

गावाची जोती उघडी पडली होती. फोटोतल्या पायऱ्यांवरून आम्ही घर ओळखलं. मी जोत्याची मापं घेतली, दाराची जागा, पायरीची रुंदी घेतली, आणि फोटोतल्या कोनांवरून मागे मागे येत एक जागा काढली. तिथे दगड ठेवला आणि दयाला म्हटलं, फोटोवाला इथं उभा होता. दया त्या दगडावर उभा राहिला. फोटो हातात धरून एकदा फोटोकडे, एकदा समोरच्या जोत्याकडे बघत होता. म्हणाला, "म्हंजी आक्का तिथं हुती, आणि तिच्या कडंवर मी." आणि चालत जाऊन त्या जागेवर उभा राहिला... मी तिकडे बघत नाही असं दाखवलं. नंतर त्यानं कोपर अंगाला दाबून, झूमला हात न लावता, त्या दगडापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत चालत शॉट घेतला. तळाच्या मातीला भेगा पडल्या होत्या. एक भेग दुसरीसारखी नाही. टिकल्यांची गरजच नव्हती. म्हणाला, "वहिनीची भिंत आणि ही जमीन, दोनी सारख्याच हुशार." शालनवहिनींना तो माझ्यासमोर कधी कधी चेष्टेनं वहिनीच म्हणायचा.

मागची बाजू मात्र पाण्यातच राहिली. घराच्या मागे जमीन नदीकडे उतरत होती, आणि परडं, म्हणजे घरामागचं अंगण, गोठा, झाडं, हे सगळं त्या उतारावर. पाणी घराच्या मागच्या भिंतीला टेकलेलं होतं. पुढच्या वर्षी उतरेल, तेव्हा मोजू, असं मी म्हणालो. त्यानंतर पाणी तेवढं कधी उतरलं नाही.

त्या शॉटमधल्या जोत्यावर फोटोतलं घर बसवून तयार व्हायला दिवाळी आली. पहिल्यांदा दयानं फोटोतली माणसं पुसून काढली होती, कारण ती दाराच्या आणि भिंतीच्या आड येत होती आणि नुसत्या भिंतीवर त्यांची चित्रं पडून चेपलेली दिसत होती. काढलेल्या जागी त्यानं भिंत रंगवून काढली, दार रंगवून काढलं, इतकं सफाईनं की मला खूण सापडली नाही. आक्कांना खुर्चीवर बसवलं. कॅमेरा घराकडे चालत गेला. आक्का बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "अंगणाला भेगा कशा रं? सारवायला कुणी नव्हतं व्हय?" मग, "माणसं कुटं गेली?"

"दाराच्या आड येत हुती, म्हणून काढली."

"धरणानं काढली तेवढी बास झाली की."

दया पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसला. त्यानं पुढचे कितीतरी दिवस एकेक माणूस फोटोतून कापून, कागदी बाहुलीसारखा उभा करून, ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवला. अंगणाच्या भेगा बुजवल्या. पुन्हा दाखवलं तेव्हा आक्का पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. आपल्या वडलांपाशी कॅमेरा आला तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. कॅमेरा माणसांना वळसा घालून घराच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. आक्का वाट बघत राहिल्या. "वळव की."

"हितनं फुडं न्हाय वळत आक्का."

"का? कोपऱ्यावरनं वळलं की आमचं परडं. मला परड्यात ने."

दयानं तिला तऱ्हेतऱ्हेनं सांगितलं. फोटो म्हणजे बॅटरीचा उजेड धर, उजेड भिंतीच्या पलीकडं पडत नाही, तसं. फोटोवाल्यानं जे बघितलं नाही ते त्यात नाही. आक्कांना ते कळलं नाही असं नाही. पण त्यांना घराच्या समोरच्या बाजूचं एवढं अप्रूप नव्हतं. समोर उभं राहायचं ते पाव्हण्यांनी. सासरहून आलेली लेक पुढच्या दारानं आत जाते आणि मागच्या दारानं परड्यात येऊन बसते. त्यांचं सगळं माहेर मागे होतं.

तेव्हा मी आक्कांच्या सांगण्यावरून परड्याचा नकाशा काढला. तीन-चार रविवार त्यात गेले. त्यांना फूट-इंच माहीत नव्हते. गोठा किती लांब विचारलं तर म्हणायच्या, "म्हस हंबारली तर चुलीपाशी ऐकू येतंय, पण शेण पडलेलं कळत न्हाय." फणस केवढा? "खाली दोन बाजली बसत्यात." आडापासून घरापर्यंतचं अंतर त्यांनी घागरीवरून सांगितलं. भरलेली घागर घेऊन आडावरून निघालं की घराच्या कोपऱ्याच्या अलीकडे एकदा टेकावंच लागायचं. तिथं टेकायला त्यांच्या वडलांनी एक दगड रोवला होता. मी शालनवहिनींना भरलेली घागर घेऊन गल्लीत चालायला लावलं आणि कुठे हात भरून येतो ते बघितलं. गल्लीतली माणसं म्हणाली, मोजणीवाल्याला ऊन लागलंय. पण त्यावरून दगडाची जागा ठरली, आणि नकाशा पुरा झाला.

मला वाटलं, आता झालं. मापं आहेत, दया हुशार आहे, भिंती, गोठा, फणस रंगवून काढेल. माणसं पुसलेली भिंत त्यानं रंगवलीच होती की. पण तो तयार होईना. "भित्त थोडीशी हुती, शेजारचं बघून भरली. परडं आख्खं मनानं करायचं? ती तितं वाढलीय बापू. फणसाची एक फांदी हिकडची तिकडं झाली तर म्हणंल, ह्ये आमचं न्हवं. मग म्होरलं घर बी तिला खोटं वाटाय लागंल." मी त्याच्याशी वाद घातला नाही. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. अंदाजानं रेघ ओढायची नाही, हे मीही आयुष्यभर सांगत आलोय.

म्हणून तो फोटो शोधत राहिला. परड्याच्या बाजूनं काढलेला एखादा तरी, कुणाकडे तरी असेल. वसाहतींमधून फिरला. लग्नाची ऑर्डर घ्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचा, "पावणं, गाव कुठलं? जुनं फोटो हायत का घरात?" लोक आनंदानं पेट्या उघडून दाखवायचे. कुणाच्या फोटोत बैल असायचा, कुणाच्या फोटोत फक्त भिंत आणि नवरा-नवरी. पण घराच्या मागच्या बाजूचा फोटो कुणी काढत नाही. वर्षं गेली. कॅसेट गेल्या, डिजिटल आलं, लग्नवाल्यांना आता क्रेनचे शॉट हवे झाले. दयानं जे शिकून घेतलं होतं त्याला कोल्हापुरात गिऱ्हाईक नव्हतं. एका दुकानाच्या जाहिरातीत त्यानं रंकाळ्याच्या कठड्यावर दुकानाची भलीमोठी पाटी उभी केली, तेवढीच काय ती या विद्येची कमाई. आक्का मधून मधून, जेवलास का विचारावं तसं विचारायच्या, "वळवलंस का रं?" आणि तो म्हणायचा, "हा सीझन हुंदे." लग्नाचा सीझन संपला की पाऊस यायचा, पाऊस संपला की पुन्हा सीझन.

एकदा, याला आता दोनेक वर्षं झाली असतील, त्याचा ऑफिसात फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "टेकायचा दगड तू कोपऱ्यापासनं मोजलाईस का आडापासनं?" मी म्हटलं, आडापासून. "बरं," म्हणाला आणि ठेवला. मी कामात होतो. कशाला विचारलंस, असं मी नंतर भेटल्यावरही विचारलं नाही...

शेवटची भेट सांगण्यासारखी नाही. गुजरीच्या कोपऱ्यावर स्कूटरवर बसल्या बसल्या दोन मिनिटं बोललो. छातीत जळजळतंय म्हणाला. मी म्हटलं, वडापाव बंद कर. म्हणाला, "तू डॉक्टर कवा झालास?" चार दिवसांनी सकाळी तो गेला. त्रेचाळीस वय.

माणूस गेल्यावर बायका जमल्या आणि शालनवहिनींच्या कपाळाला हात लावायला एकजण पुढं झाली, तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "तिच्या टिकलीला हात लावू नगा. माझी काढलीवती तवा कोण परत आलं न्हाय." स्वतःच्या मुलाचं प्रेत समोर असताना त्या एवढ्या शांतपणे बोलल्या की त्या बाईनं हात मागे घेतला. वहिनींची टिकली आजही आहे.

महिन्याभरानं वहिनींनी मला बोलावलं. एका लग्नाचं शूटिंग दयाच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, पार्टी रोज फोन करत होती, आणि कुठलं काय ते वहिनींना कळत नव्हतं. दुपारी आम्ही दोघं माडीवर बसलो. ते लग्न सापडलं. त्याच्या खाली एका फोल्डरला त्यानं नुसतं 'आक्का' असं नाव दिलं होतं. मला वाटलं जुनाच शॉट असणार. लावला. सुरुवात तीच होती, तेच अंगण, तीच माणसं, तोच चालत जाणारा कॅमेरा. कोपरा आला... आणि कॅमेरा वळला.

पलीकडे सगळं राखाडी होतं. रंग नाही, पान नाही, कौल नाही. फोटोचा उजेड जिथे संपत होता तिथे रेघ मारल्यासारखं चित्र संपून नुसते राखाडी ठोकळे सुरू होत होते. एक लांब ठोकळा म्हणजे गोठा. एक खांब आणि त्याच्यावर गोळा, तो फणस. पलीकडे एक गोल कठडा, तो आड. माझ्या नकाशातलं एकही माप त्यानं इकडचं तिकडं केलं नव्हतं. ही फाईल शेवटची हाताळल्याची तारीख त्या फोनच्या आसपासची होती. म्हणजे दोन वर्षं ते परडं तयार होऊन, आक्का खाली ज्या खोलीत झोपत होत्या तिच्या बरोबर वर, पडून होतं. वर टाकायला चित्र नव्हतं म्हणून त्यानं ते कुणाला दाखवलं नव्हतं. मलाही नाही.

वहिनी उठल्या आणि आक्कांना हाताला धरून जिन्यानं वर घेऊन आल्या. मी म्हणालो, "आक्का, ह्यात रंग भरायचा राहिलाय. नुसते ठोकळे आहेत." मी शॉट पहिल्यापासून लावला. कॅमेरा कोपऱ्यावरून वळला तशा त्या खुर्चीत थोड्या पुढं सरकल्या. गोठा गेला. एक लहानसा चौकोनी ठोकळा कोपऱ्याच्या पुढं, वाटेच्या कडेला होता. मला तो दिसलाही नव्हता.

"थांबीव," आक्का म्हणाल्या. "हितं घागर टेकवायचो मी."

मी थांबवलं. त्या पडद्याजवळ सरकल्या. मग बोट करून सांगायला लागल्या, शेवग्याचं झाड हितं, आणि कोंबड्यांची डालगी त्याच्या बुडात, आणि भावजय हितं भांडी घासायची, तिची राख सगळीकडं उडायची. राखाडी मोकळ्या जागेत त्यांचं बोट एकेक गोष्ट ठेवत जात होतं. कुठेही अडलं नाही.

मी पुन्हा म्हणालो, "रंग असता तर..."

"रंग कशाला? मला दिसतंय की." आणि मग माझ्याकडे वळून, "ह्ये झालंवतं, तर मला दावलं का न्हाय रं त्यानं?"

खरं दाखवता येत नव्हतं म्हणून? त्या दोन वर्षांत तिनं कितीदा विचारलं असेल, आणि त्यानं कितीदा 'हा सीझन हुंदे' म्हटलं असेल. बोट कुठे ठेवायचं ते तिला ठाऊक होतं. तिला फक्त वळायला जागा हवी होती, आणि ती त्यानं करून ठेवली होती. हे त्याला कळायला हवं होतं... शालनवहिनींनी पदर तोंडाला लावला होता. आक्का पुन्हा पडद्याकडे वळल्या.

आता दुपारची झोप झाली की आक्का जिना चढतात. वहिनींना लावायचं कसं ते मी शिकवून ठेवलंय. रविवारी मीही जातो, जुन्या सवयीनं, जेवणं झाल्यावर. कॅमेरा टेकायच्या दगडापाशी आला की आक्का थांबीव म्हणतात, आणि आम्ही तिघंही तिथे थोडा वेळ थांबतो. खोलीची ती भिंत पिस्ता रंगाचीच आहे. बाकी घराला या वर्षी रंग द्यायचाय, पण वहिनींनी रंगाऱ्याला सांगितलंय, ही एक भिंत सोडायची. टिकल्यांचा डिंक वाळत चाललाय. मधेच एखादी सुटून खाली पडते. परवा चंद्रकोर पडली. वहिनींनी ती उचलली, स्वतःच्या बोटाला थोडा डिंक लावून घेतला आणि भिंतीवर दाबून बसवली. पूर्वी होती तीच ती जागा का, ते मी बघत नाही.